दारावरची पाटी

चाकणची बस अकरा मिनिटं उशिरा होती. भोसरीच्या थांब्यावर कामाला निघालेल्या साक्षीच्या पुढं दोघी मायलेकी उभ्या होत्या. लेक मोबाइलवर खोलीचा फोटो दाखवत होती.

“आई, उद्या वेरूळला इथं राहायचं.”

“मी न्हाई हॉटेलात राहायची, मिनल. बावीस वर्षं हॉटेलात लोकांच्या चादरी घातल्या. आता माझ्या चादरीसाठी दुसरी बाई वाकणार व्हय?”

“त्या पलंगावर पडावं, असं कधी वाटलं नाही तुला?”

“वाटायचं की. कुणी दारावर ‘त्रास देऊ नका’ची पाटी लावली, की आमी ती खोली सोडून पुढं जायचो. आत लोक काय करत असतील, असं मनात यायचं.”

“झोपत असतील.”

“उजाडल्यावर बी?”

“हो. पडदे ओढून.”

“रोजच्या चौदा खोल्यांतली एक कमी व्हायची. पाठीला तेवढाच आराम.”

“मग तूही लाव पाटी.”

बस आली, तरी आईचं बोट फोटोतल्या पांढऱ्या चादरीवरच होतं.

“त्या बाईची बी एक खोली कमी व्हईल मग.”

“होईल की.”

“अन् दार कुणी वाजवणार न्हाई?”

“कुणीच नाही.”

“मग मी दहापर्यंत झोपीन म्हणते.”