केंप्याचा सोमवार

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कुंभारीचे सरपंच माननीय सिद्धलिंगप्पा पाटील. माढ्याकडून एवढी वाट तुडवत आलेले प्रमुख पाहुणे श्री. मायाप्पा, व्यासपीठावर बसलेले आणि सकाळच्या चहापासून एक शब्दही न बोललेले आमचे ज्येष्ठ संचालक गुरुसिद्धप्पाअण्णा, डाव्या बाजूला पोत्यांवर बसलेल्या माता-भगिनी, उजव्या बाजूला पोती न उरल्यामुळे उभे असलेले बांधव, आणि दाराबाहेर लिंबाखाली गळ्यात हार घालून उभे असलेले आजचे सत्कारमूर्ती,

सर्वांना माझा विनम्र नमस्कार.

सत्कारमूर्तींना आत बसवावं असा आमचा विचार होता. पण सोसायटीच्या या गोदामाचं दार बांधणाऱ्यानं बैलगाडीचं माप घेतलं होतं, ट्रॅक्टर त्याच्या ध्यानीमनीही नव्हता. म्हणून त्यांना तोंड आपल्याकडे करून बाहेरच उभं केलं आहे. ऐकू जाईल, कर्णा तिकडेच लावलाय.

पाहुण्यांसाठी सांगतो, मी महादेवप्पा, आपल्या शेती अवजार सोसायटीचा चिटणीस. आमच्या गावातले सगळे समारंभ सोमवारी होतात, कारण त्या दिवशी माणसं रिकामी सापडतात. आजचा समारंभ कशासाठी? सोसायटीच्या नव्या मोठ्या ट्रॅक्टरचा नंबर लागला आहे. शेड एकच आहे. त्यामुळे आपला जुना, तांबडा, सर्वांचा लाडका केंपा आज मायाप्पांच्या घरी जायचा आहे. कन्नडात केंपु म्हणजे तांबडा. नाव ठेवताना आम्ही फार डोकं चालवलं नाही, हे मान्य.

आता, जायचा आहे असं मी म्हणालो. गेला असं म्हणालो नाही. कारण केंप्याची चावी या क्षणी अण्णांच्या कमरेच्या चंचीत आहे, आणि ती तिथून कशी निघणार हे परमेश्वराला ठाऊक. सकाळी चहा घेताना अण्णांनी पाहुण्यांना एकच प्रश्न विचारला. सोमवारी काय करता? पाहुण्यांनी मोकळ्या मनानं सांगितलं की मेंढरं आहेत, थोडा ऊस आहे, हंगामात कारखान्याला ऊस वाहायचा असतो, त्यात सोमवार कसला? "मेंढरं काय सोमवारी उपाशी ऱ्हात्यात व्हय?" असंही ते हसत म्हणाले. अण्णा हसले नाहीत. त्यांनी बशी खाली ठेवली, चावी चंचीत घातली आणि तेव्हापासून तोंड उघडलेलं नाही. अध्यक्षांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, महादेवप्पा, दोघांपैकी एक जण विरघळेपर्यंत बोलत राहा. म्हणून मी बोलतोय. आपण बसून घ्यावं ही विनंती. जे उभे आहेत त्यांनी निदान भिंतीला टेकावं.

दुष्काळ सरला तेव्हा आपल्या गावात निम्मे गोठे रिकामे होते. वैरणीवाचून जनावरं गेली होती, पेरणी तोंडावर आली होती. म्हणून सोसायटीनं ट्रॅक्टर घ्यायचं ठरवलं आणि निवड करायला अण्णा, ड्रायव्हर ईरप्पा आणि मी असे सोलापूरला गेलो. मी वर्तमानपत्रं वाचून तयारीत होतो. हॉर्सपॉवर, हायड्रॉलिक, सगळे शब्द पाठ. पण माझ्या तोंडून पहिला शब्द निघायच्या आत अण्णांनी दुकानदाराला विचारलं, जोडी कुठाय?

दुकानदार म्हणाला, जोडी नसते, हा एकटाच पस्तीस घोड्यांचं काम करतो. अण्णा म्हणाले, घोडी आमच्या कामाची नाहीत, बैल किती ते सांगा. बिचाऱ्याला हे कुणी कधी विचारलं नव्हतं. त्यानं छताकडे बघून हिशेब केला आणि पंधरा-वीस असं सांगितलं. "पंधरा का वीस ते नक्की सांगा," अण्णा म्हणाले, "पंधराला जोडी लागत न्हाय." दुकानदारानं मुकाट्यानं वीस केले.

मग निवड सुरू झाली. गिअर आठ आहेत असं कळल्यावर अण्णांची मान पहिल्यांदा हलली. बैलाला आठ दात आले की तो जुळला, कामाला पक्का झाला. निळा ट्रॅक्टर मला पसंत होता, पण त्याच्या डाव्या मडगार्डवर रंगाचा एक डाग होता. अण्णांना तो खोडीचा भोवरा वाटला. असा भोवरा असलेला बैल मालकाला आडवा जातो म्हणे. मी पुष्कळ सांगितलं की डाग पुसता येतो. ते म्हणाले, भोवरा पुसून स्वभाव जातो का? तांबड्याला मात्र त्यांनी खाली वाकून पाहिलं, पोटाखालची फरशी कोरडी आहे का ते हातानं चाचपलं, आणि सकाळपासून थंड बसलेला तो एका हाकेत उठतो का ते बघायला चावी फिरवायला लावली. उठला. झालं, ठरलं.

निघताना दुकानदारानं एक यंत्राची करवतही दाखवली. साखळीची, पेट्रोलवर चालणारी. म्हणाला, मोठमोठी झाडं क्षणात आडवी होतात. आमच्या अण्णांनी ती हातात घेतली, वजन पाहिलं, आणि आदरानं परत ठेवली. आपल्या शिवारात झाडं किती? दुपारी जेवायला सावली हवी तर आधी कुणाचं शेत ते विचारावं लागतं. अशा गावात ती करवत आणली असती तर हा लिंब पहिल्या दिवशी हौसेनं पाडला असता आणि आज सत्कारमूर्ती उन्हात उभे असते.

केंपा आला, ओवाळणी झाली, पेरणी सुरू झाली. आणि मग पहिला सोमवार उगवला. पाहुणे, आमच्याकडे सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. तो बसवण्णाचा, म्हणजे नंदीचा वार. वाडवडलांपासून चालत आलंय, कुणी त्यावर वाद घालत नाही. पण ट्रॅक्टरचं काय, हा विचारच कुणाच्या मनात आला नव्हता. ईरप्पा सकाळी सीटवर चढला, तर समोर अण्णा दोन्ही हात पसरून उभे.

"उतर. आज त्याला बी सोमवार हाय."

ईरप्पा म्हणाला, अण्णा, हे यंत्र हाय.

"यंत्र हाय, तर मग काल त्याच्या पाठीवर थाप मारून शाब्बास म्हनत व्हतास ते कुणाला?"

ईरप्पा सीटवरून खाली उतरला. हसू नको ईरप्पा, उतरलास ना? पुढे विस्तार अधिकारी साहेब आले. आठवड्यातला एक दिवस यंत्र रिकामं ठेवणं हे राष्ट्राचं नुकसान आहे, असं त्यांनी याच जागी उभं राहून सांगितलं. अण्णांनी त्यांना दुधाचा चहा दिला आणि तुमचं ऑफिस रविवारी किती वाजता उघडतं ते विचारलं. साहेबांनी चहा घेतला आणि ते सावकाश सोलापूरला गेले.

खरं सांगू? मीही तेव्हा अधिकाऱ्यांच्याच बाजूचा होतो. पण सुट्टीच्या दिवशी अण्णा बैलाजवळ बसतात तसे ते केंप्याजवळ बसू लागले. नुसतं बसून माणसाचे हात स्वस्थ राहतात का? बैल धुतात तसा केंपा धुतला. हवेची चाळणी उघडली तर आत आपल्या काळ्या रानाची बोटभर माती. चाळणी धुतली, तेल किती आहे ते पाहिलं. सांध्यासांध्यात ग्रीस भरलं. नट आवळले, पट्टा चाचपला, डिझेलच्या टाकीतलं तळाचं पाणी सोडलं. दर सोमवारी हेच. बायका शेजारी बसून ज्वारी निवडायच्या, म्हातारी माणसं सूचना करायची, आणि सूचना करणाऱ्यांची केंप्याला कधी वाण पडली नाही.

याचा अर्थ आमचं सगळंच बरोबर होतं असा नाही. कारहुणवीला, म्हणजे आमच्या बैलांच्या सणाला, काय झालं ते पाहुण्यांना कुणी सांगितलं नसेल. मी सांगतो, कारण मला वेळ काढायचा आहे. त्या दिवशी बैलांची शिंगं रंगवतात, झूल घालतात आणि बांबूच्या नळकांड्यानं करडईचं तेल पाजतात. केंप्याचे दिवे रंगवले. झूल घातली. मग अण्णांच्या घरच्या पार्वतम्मा, त्या तिथे पहिल्या पोत्यावर बसल्यात, त्यांनी ईरप्पाला विचारलं की बैलांना पाजलं आणि ह्याला का नाही? ईरप्पानं नळकांडं उचललं आणि डिझेलच्या टाकीचं झाकण काढलं.

मंडळी, केंपा चालला. मिरवणुकीत तो सगळ्यात पुढे होता आणि त्याच्या धुराला भजी तळल्याचा वास येत होता. सगळी पोरं त्याच्यामागे, पोरांमागे कुत्री, आणि देवळापर्यंत पोचेतो सगळ्या गावाला अशी भूक लागली की प्रदक्षिणा अर्धी टाकून लोक जेवायला घरी गेले. पुढच्या पेरणीला मात्र केंपा रानात मधेच बसला. सोलापूरचे मिस्त्री आले. त्यांनी फिल्टर उघडला, आतला चिकटा बोटावर घेतला, वास घेतला आणि विचारलं, "इसकू क्या पिलाए?" सगळे आभाळाकडे बघायला लागले. शेवटी पार्वतम्माच पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "घान्याचंच हाय. भेसळ न्हाय."

त्या मिस्त्रींनी फिल्टर बदलून दिला आणि जाताना इंजिनाला कान लावला. आपल्याबरोबर त्याच हंगामात घेतलेले आसपासचे ट्रॅक्टर आज कुठे आहेत? एक बाभळीखाली उभा आहे, त्याच्या सीटवर कोंबड्या बसतात. दुसरा विटांवर. आणि आमचा केंपा आजही सकाळी एका हाकेत उठतो. मिस्त्री म्हणाले की याला कुणीतरी जिवापाड जपलंय. तेव्हा अण्णा दुसरीकडे तोंड करून उभे होते, पण मी त्यांचा चेहरा पाहिला होता.

मायाप्पा, आता तुमच्याशीच बोलतो. तुम्ही सकाळी आम्हीही सोमवार पाळतो असं म्हणून मोकळे झाला असता तर? माढ्याला जाऊन सोमवारी ट्रॅक्टर चालवलात, तर बघायला कोण येणार होतं? तुम्ही खोटं बोलला नाहीत, म्हणून आम्हाला तुमच्याबद्दल आदर आहे. अण्णांनाही आहे. त्यांना राग आलेला नाही, वाईट वाटलंय. स्वतःची जनावरं दुष्काळात डोळ्यांदेखत गेल्यावर हे एक त्यांच्या हाताला लागलं होतं. ते विसाव्याविना राबून वर्षात मोडेल आणि कुठल्यातरी बाभळीखाली उभं राहील, ही त्यांना धास्ती आहे. मलाही आहे. नवा ट्रॅक्टर यावा म्हणून मीच ठराव मांडला होता, तरी सकाळी हार घालताना मला केंप्याकडे बघवेना.

काय म्हणालात बाई? जरा मोठ्यानं बोला. मंडळी, शांत राहा, पाहुण्यांच्या घरच्या चिमाबाई काही म्हणताहेत. माईक तिकडे द्या रे. नको? बरं, तिथूनच बोला.

"आवो, ऐतवारी आपल्या घरात लोकरीला कातर लावत्यात का? बिरोबाचा वार म्हनून कातर खुंटीला आसती न्हवं? मग ह्याला बी ऐतवार द्या की."

ऐकलंत सगळ्यांनी? आणि मायाप्पा, तुम्ही मान हलवलीत ती होकाराची, का फेटा सैल झाला म्हणून? होकाराची. अध्यक्षमहाराज, नोंद घ्यावी, पाहुणे दर रविवारी केंप्याला सुट्टी देतील. ग्रीस? ग्रीसही भरतील, चिमाबाई जातीनं बघतील म्हणतात.

आता सगळे अण्णांकडे बघताहेत, आणि अण्णा चंचीकडे. अण्णा, वार आपला नाही, देव त्यांचा आहे. काय म्हणता?

"देव कुटला का आसंना. वार पाळला म्हंजे झालं."

टाळ्या नंतर. जरा थांबा, अण्णा उठलेत. कर्ण्यावरून बाहेर सत्कारमूर्तींना कळावं म्हणून मी बघतोय तसं सांगतो. अण्णांनी चावी काढली आहे. तिला बांधलेलं जुनं दावं, म्हणजे ती काळी दोरी, ते सोडताहेत. बैल विकला तरी त्याचं दावं आपल्याच गोठ्यात ठेवायचं असतं, ते बरोबर द्यायचं नसतं. गाठ सुटत नाहीये. कुणी मदतीला जाऊ नका, सुटेल. सुटली. दोरी अण्णांच्या चंचीत गेली. आणि चिमाबाईंनी लोकरीचा पीळ पुढे केला आहे, स्वतः कातलेला दिसतो. चावी त्यात बांधली गेली. मायाप्पांनी ती कपाळाला लावली.

मायाप्पा, थांबा, कुठे निघालात? चालू करायला? आज सोमवार आहे.

हो अध्यक्षमहाराज, तारीख मीच ठरवली. समारंभ सोमवारी ठेवायचा हे डोक्यात होतं, त्याच दिवशी केंप्याला इथून हलायचंही आहे हे डोक्यात आलं नाही. बैल जुंपून ओढावा, तर त्यांनाही सोमवार. मग उरलं कोण? आपण. माणसाला सोमवारी जुंपू नये असं कुठे ऐकलेलं नाही. तेव्हा आपण सगळ्यांनी मिळून केंप्याला हातानं ढकलत शिवेपर्यंत न्यायचं. शिवेपलीकडे पाहुण्यांचा वार आणि पाहुण्यांची चावी. ईरप्पा स्टिअरिंग धरेल. अण्णा पुढे चालतील, कुणी सांगितलं नाही तरी ते पुढेच चालणार आहेत.

अध्यक्षांनी वेळात वेळ काढला, पाहुण्यांनी आमचा हट्ट सोसला, चिमाबाईंनी आमची अब्रू राखली, पार्वतम्मांनी चहा केला आणि त्यात करडई घातली नाही, या सर्वांचे सोसायटीतर्फे मनःपूर्वक आभार. बोलण्याच्या ओघात कुणाचं मन दुखावलं असेल, व्यवस्थेत काही कमी पडलं असेल, तर ते या चिटणीसाच्या खात्यावर टाकून आपण उदार मनानं विसरावं. पहिल्या रांगेतल्यांनी डावं चाक धरावं, उभ्या मंडळींनी उजवं. घोषणा देऊ नका, तो बुजेल. आणि सावकाश ढकला. आज त्याची सुट्टी आहे.