डावा पाय सैल

डॉक्टर: मास्तर, ही पँट कुणी शिवली? डावा पाय ऐसपैस, उजवा घट्ट!

मास्तर: मीच. अंगाबरोबर बसते बघा!

बायको: या शिंप्याला काय म्हणावं, डॉक्टरबाई! पोटरी टम्म फुगली, तर दवाखाना सोडून यांनी शिवण उसवली न् पट्टी जोडली!

मास्तर: गिऱ्हाइकाचं माप वाढलं की आपण कापड वाढवतो. गिऱ्हाईक नाही कापत.

डॉक्टर: तहान फार लागायची का?

बायको: तहान? हंडे रिकामे केले! वर सरबताच्या बाटल्या. आणि सारखं मशीन सोडून मोरीकडे पळायचं.

मास्तर: अगं, मोरी कशाला काढतेस बाईंसमोर!

डॉक्टर: तीच तर कामाची गोष्ट. साखर पाचशेच्या वर गेलीय. ती लघवीवाटे जाताना अंगातलं पाणीही ओढून नेते. रक्त दाट झालं आणि पोटरीच्या शिरेत त्याची गाठ झाली.

मास्तर: हात्तिच्या! चोळून मोकळी करा की.

डॉक्टर: खबरदार! त्या पायाला हात लावायचा नाही.

बायको: अगंबाई! काल सारखे मागे लागले होते, जरा चोळून दे म्हणून. मी म्हटलं, माझेच पाय मोडून आलेत, आधी माझे चेपा!

मास्तर: आणि चेपले मी!

डॉक्टर: बाई, बरं झालं तुम्ही ऐकलं नाहीत. ती गाठ सुटून फुप्फुसात गेली असती, तर हे इथवर पोचलेही नसते.

मास्तर: घ्या! हिच्या आळसाचा सत्कारच करायला हवा!

डॉक्टर: इन्सुलिन, सलाईन चालू आहे. रक्त पातळ करायचं इंजेक्शनही दिलंय. पण धोका टळलेला नाही. दम लागला, छातीत दुखलं, तर लगेच हाक मारा. येते मी.

(डॉक्टर जातात.)

मास्तर: काय गं, बोल की काहीतरी.

बायको: काय बोलू?

मास्तर: काहीही. शिव्या घाल. सकाळपासून तुझा तोंडाचा पट्टा चालू होता ना, तोवर वाटत होतं, किरकोळच असणार.

बायको: हं.

मास्तर: आता गप्प झालीस, तर भ्यालो बघ मी.

बायको: हलू नका, मीच सरकते जवळ. हं, ऐका आता. छत्री कुठे विसरून आलात, ते आधी सांगा.