अडकलेल्या लिफ्टमधला सापेक्षतावाद

हसू नका, पण व्यापक सापेक्षतावाद मी पहिल्यांदा कुणाला समजावला तो बंद पडलेल्या लिफ्टमध्ये. आई गेल्यापासून कांदिवलीच्या घरात मी एकटाच. ऑफिसचं काम संपलं की मोबाईलवर त्या विषयाची लेक्चर्स बघायचो. एखादी गोष्ट डोक्यात लख्ख उतरली की वाटायचं, कुणाला तरी सांगावी. पण सांगणार कुणाला?

त्या दिवशी लिफ्टमध्ये माझ्यासोबत सातव्या मजल्यावरच्या सावंतकाकू होत्या. त्याही एकट्याच राहतात. मधेच लिफ्ट अडकली. खालून वॉचमन ओरडला, "मेकॅनिकला बोलावलंय, थांबा!"

काकू घाबरल्या. "काय रे, ही तुटून खाली गेली तर?"

मी उत्साहात म्हणालो, "काकू, पडताना आपल्याला वजनच जाणवणार नाही! जमीन पायांना वर रेटते, म्हणून आपण जड वाटतो. नुसतं पडत राहिलं तर गुरुत्वाकर्षण कळतच नाही. सगळी थिअरी इथूनच तर सुरू झाली!"

"मेल्या, माका घाबरवतंस काय?"

मी ओशाळून उगाच लिफ्टची बटणं दाबू लागलो. जरा वेळाने त्याच म्हणाल्या, "गप का बसलास? बोल ना. मग तो चंद्र कसा पडत नाही?"

"तोही पडतोच आहे, काकू." आणि मी सुरूच झालो. पृथ्वीच्या वस्तुमानाने आजूबाजूचा अवकाश कसा वाकतो, ते सांगत सुटलो. काकू मधेमधे विचारत राहिल्या.

तेवढ्यात दार उघडलं. मेकॅनिकने हात पुढे केला. "या आजी, बाहेर या."

काकू जागच्या हलल्या नाहीत. "थांब रे जरा, ह्याचं सांगून होऊ दे. घरी जाऊन तरी काय करायचंय?"