मापाचा नारळ

टोपडी मी आजवर पुष्कळ विणली, पण पहिलं विणलं ते नारळावर!

ताई उमरठला दिलेली. तिच्या तान्ह्याला थंडीसाठी गोंड्याचं लोकरी टोपडं करावं म्हणून मी महाडहून निरोप धाडून डोक्याचं माप मागवलं. तिच्या सासूबाई दोरा लावू देईनात. "जित्या पोराचं माप घेत नाय," म्हणाल्या, आणि तेवढ्याच आकाराचा नारळ निवडून भावोजींबरोबर पाठवला.

मी शेजारून घरी आले तर भावोजी चहा पीत बसलेले.

"माप आणलंत?"

"नारळ आईंकडे दिलाय की!"

आत धावले. आई खवणीवर बसलेली. विहिणीनं प्रेमानं नारळ पाठवला म्हणून तिनं वड्या करायला घेतल्या होत्या. काय करणार? दोन्ही करवंट्या जोडून सुतळीनं बांधल्या आणि क्रोशाची सुई हातात घेतली.

आठवड्यानं टोपडं आणि उरलेल्या वड्या घेऊन उमरठला गेले. टोपडं जरा घट्ट, पण बसलं. सासूबाई खूश. वडी तोंडात टाकून म्हणाल्या, "तो नारळ जपून ठेव हां गो. पोराचं डोकंच हाय ते, फोडायचं नाय."

मी डबा पुढे सरकवला. "अजून एक घ्या ना."