दारातला पूल

जबाब देणारीला गल्लीत व कामाच्या ठिकाणी "खुर्चीताई" या नावाने ओळखतात. वय ४९ वर्षे. धंदा: खुर्च्या व सोफे यांत गादी भरणे आणि कापड चढवणे. राहणार: जुन्या छापखान्याच्या वरचा मजला.

माझ्या थोरल्या भावाने माझ्याविरुद्ध दिलेली तक्रार मला पोलीस ठाण्यात बोलावून वाचून दाखवण्यात आली. त्यावर माझे म्हणणे विचारले असता, मी समक्ष हजर राहून सांगते की,

आम्ही दोघेच भावंडे. थोरला भाऊ, म्हणजे दादा, विमा कचेरीतून निवृत्त झाला आहे. आमची आई, वय ७८, दादा आणि वहिनी यांच्यासोबत राहते. आईचे गुडघे गेले आहेत. ती वॉकर धरून चालते, तिला वाकता येत नाही. तिला साखरेचा आजार असून ती तीन वेळा जेवणासोबत गोळी घेते.

दादाला छोट्या आगगाड्यांचा छंद आहे. डोंगर, बोगदे, स्थानके असा सगळा देखावा टेबलांवर मांडून त्यातून तो गाड्या चालवतो. याला ते लोक लेआउट म्हणतात. लेआउटला मोठी खोली लागते. घरातली मोठी खोली आईची होती. साहेबांनी "होती की आहे" असे विचारले. आई अजून तिथेच झोपते, पण खोली तिची राहिलेली नाही, म्हणून होती असेच लिहावे.

लेआउट त्या खोलीच्या चारही भिंतींना लागून, छातीच्या उंचीवर आहे. गाडीला पूर्ण फेरी मारता यावी म्हणून दादाने दरवाज्यात आडवा लाकडी पूल बसवला. पूल जागेवर असला की आत-बाहेर करायला माणसाला त्याच्याखालून ओणवे होऊन जावे लागते. आईने घंटी वाजवायची आणि दादाने पूल उचलायचा, असे ठरले होते. मी तेव्हाच म्हणाले होते की स्वतःच्या खोलीतून बाहेर यायला माणसाने घंटी का वाजवायची. दादा हसला होता आणि मला "फाटकवाली" म्हणाला होता.

यंदा या छंदवाल्यांचा वार्षिक मेळावा आमच्या गावात भरला. दोन दिवस सभागृहात भाषणे आणि नमुने, तिसऱ्या दिवशी घरभेटी. घरभेटी म्हणजे बसने पाहुण्यांना एकेका सभासदाच्या घरी नेऊन लेआउट दाखवायचे. दादाच्या घरी पाहुणे सगळ्यांत जास्त वेळ थांबणार होते, कारण तिथे वेळापत्रकाप्रमाणे गाड्या चालवण्याचा खेळ ठेवला होता. त्यासाठी त्याने माझ्याकडून टेबलाच्या कडेने खाली सोडायला काळी झालर शिवून घेतली. खालच्या वायरी आणि खोकी दिसू नयेत म्हणून हवी, असे सांगितले. मी चांगले जाड कापड घेऊन, चुण्या घालून, जमिनीला टेकेल अशी शिवून दिली. वायरी आणि खोकी एवढेच त्याने मला सांगितले होते, हे कृपया नोंदवावे.

पहिल्या दिवशी मी कामावरून सुट्टी काढून मेळाव्याला गेले. माणसे भली होती. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला नखाएवढ्या खुर्च्या असलेला डबा दाखवला. त्यांच्या गाद्या कशाच्या केल्या असे मी विचारले, तर जुन्या मोज्याच्या, असे सांगून ते लाजले. छंदाला माझी ना नाही. माणसाने म्हातारपणी गाड्या चालवाव्यात, पतंग उडवावेत, काय हवे ते करावे.

मग दादाचे भाषण झाले. पडद्यावर फोटो दाखवले. आईची खोली दिसली, पण खिडकी दिसेना. खिडकीवर फळी ठोकून तिच्यावर डोंगर आणि आकाश रंगवले होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आईचा पलंग एकाही फोटोत नव्हता. चहाच्या वेळी मी दादाला गाठले.

"आई कुठे झोपते?"

"तिथेच. पलंग टेबलाखाली सरकवलाय. ऐसपैस आहे गं. वरून गाडी जाते तेव्हा तिला बरं वाटतं."

"तिने सांगितलं तसं?"

"तिने कधी तक्रार केलीय का?"

"जन्मात कधी केलीय का तिने, दादा?"

तेवढ्यात त्याला कोणीतरी फोटोसाठी हाक मारली. मी आईला फोन केला. ती म्हणाली, "मला काही त्रास नाही. त्याचे पाहुणे जाऊ देत, मग काय भांडायचं ते भांड." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण तिने हात जोडल्यासारखे सांगितले म्हणून मी गप्प बसले.

तिसऱ्या दिवशी रविवार असूनही मी कारखान्यात होते, कारण नाट्यगृहाच्या खुर्च्या द्यायच्या होत्या. दुपारी दीडच्या सुमारास आईचा फोन आला. ती म्हणाली, "इतक्या रात्री उठवलं, रागावू नकोस."

मी विचारले, "आई, कसली रात्र?"

"आठ वाजून गेले की. रात्रीची गोळी घेतली मी. जेवायला मात्र अजून कोणी दिलं नाही. दुपारचंही विसरले बहुतेक. हात थरथरतायत गं."

पुढचे तिचे बोलणे जड झाले व नीट कळेना. समोर खिडकीतून माझ्या कापडावर ऊन पडले होते.

हे कसे झाले ते मला नंतर वहिनीकडून समजले. या लोकांचे एक वेगळे घड्याळ असते. छोटी गाडी एका स्थानकातून दुसऱ्यात मिनिटभरात पोचते, म्हणून खेळाच्या वेळी ते चौपट वेगाने पळणारे मोठे घड्याळ लावतात. आपल्या पाव तासात त्यांचा एक तास होतो. दादाने त्या दिवशी सकाळी दहाला ते सहावर लावून सुरू केले आणि पाहुण्यांचा गोंधळ नको म्हणून आईचे घड्याळ भिंतीवरून उतरवले. खिडकीवर रंगवलेले आकाश, त्यात दिवस कधी मावळत नाही. आई झालरीच्या फटीतून ते घड्याळ बघून गोळ्या घेत होती. सकाळची गोळी तिने न्याहारीसोबत बरोबर घेतली होती. दुपारची आणि रात्रीची, दोन्ही तिने दीडच्या आत उपाशीपोटी घेतल्या. आईच्या फोनवर वेळ दिसली नाही का, असे साहेब विचारतात. जवळचे तिला चष्म्याशिवाय दिसत नाही आणि चष्मा स्वयंपाकघरात राहिला होता. तो मागायलाही घंटी वाजवावी लागली असती, आणि आज घंटी वाजवू नकोस असे दादाने तिला सकाळीच सांगितले होते.

मी तशीच धावत दादाच्या घरी गेले. मी हत्यार घेऊन घरात घुसले, असे दादाने तक्रारीत म्हटले आहे. खिळे ठोकायची हातोडी माझ्या एप्रनच्या खिशात दिवसभर असते. ती काढून ठेवत बसले नाही, एवढाच माझा गुन्हा. घराबाहेर बस उभी होती. वहिनी स्वयंपाकघरात पाहुण्यांसाठी चहा ओतत होती.

मी विचारले, "आईला जेवायला दिलं का?"

"कसं देणार, वन्सं? पूल पक्का केलाय ना. पुलावरून ताट न्यायचं नाही, काही सांडलं तर रूळ खराब होतील म्हणून यांनी बजावलंय. खेळ संपला की देऊ म्हणाले."

खोलीत गळ्यात ओळखपत्रे घातलेली दहा-बारा माणसे होती. दादा दाराशी, डोक्यावर टोपी, हातात हिरवा झेंडा.

"दादा, पूल उचल. आईला चक्कर येतेय."

"थांब जरा. मेल येतेय. ती पुढे गेली की बघतो."

मी पुलाखालून आत गेले आणि झालर वर केली. तेव्हा पाहुण्यांना कळले की खाली माणूस आहे. आई घामाने चिंब होती, अंग गार पडले होते, तिने मला ओळखले नाही. मी साखर मागितली. वहिनीने चहाच्या साखरेचे भांडे पुलावरून माझ्या हातात दिले. त्या वेळी दादा म्हणाला, "सांडू नका." हे वाक्य त्याने तक्रारीत घातलेले नाही, म्हणून मी सांगते. मी आईच्या हिरड्यांना साखर चोळत राहिले. एका पाहुण्याने रुग्णवाहिकेला फोन केला. दुसरा मान खाली घालून म्हणाला, "कण्हणं मघापासून ऐकू येत होतं. आम्हाला वाटलं, त्या छोट्या दवाखान्यात रेकॉर्डिंग लावलंय." लेआउटवर दवाखान्याची इमारत आहे, तिच्यात दिवेही लागतात.

रुग्णवाहिकेची दोन माणसे स्ट्रेचर घेऊन आली आणि दारात अडकली. तेव्हा दादाने सांगितले की घरभेटीत रूळ हलू नयेत म्हणून त्याने पूल दोन्ही बाजूंनी स्क्रू लावून आवळला आहे. आई आत असताना आवळला आहे. तो स्क्रूड्रायव्हर शोधू लागला. पहिला मिळाला तो मोठा होता. "दोन वर्षं घालवलीत गं मी या पुलावर," तो म्हणाला. "दोन मिनिटं दे. नीट निघेल."

मी दिली नाहीत. मी हातोडीने पूल तोडला. पुलावर थांबलेले मेलचे इंजिन खाली पडले. ते एका पाहुण्याचे होते, त्यांनी ते स्वतः उचलून खिशात टाकले आणि स्ट्रेचरची एक बाजू धरली. साहेबांनी या ठिकाणी "रागाच्या भरात" असे लिहिले होते. ते मी खोडायला लावले. राग मला आधीही होता, आता इथे बसल्याबसल्याही आहे. पूल मी आईला बाहेर काढायला तोडला, पूर्ण शुद्धीत तोडला, आणि कुठे मारले की तो लवकर मोडेल ते बघून तोडला.

आईला बाहेर नेताना दादा दारात खाली बसून पुलाचे तुकडे वेचत होता. त्याला बाजूला हो म्हणावे लागले. दादाची तक्रार त्याच संध्याकाळी सहाला नोंदलेली आहे. तो दवाखान्यात आला रात्री नऊनंतर. आधी इथे, मग तिथे. हे मी सांगत नाही, तुमचा कागद आणि दवाखान्याचा पहारेकरी सांगतात.

डॉक्टरांनी सांगितले की अजून थोडा उशीर झाला असता तर आई शुद्धीवर आली नसती. आई दुसऱ्या दिवशी बोलू लागली. मी तिला विचारले, "एवढी माणसं चार हातांवर होती. हाक का नाही मारलीस?"

ती म्हणाली, "पाहुणे होते ना. त्यांच्यासमोर त्याला कमीपणा कशाला?"

मग म्हणाली, "किती खूश होता गं तो. तू त्याला सॉरी म्हण आणि मिटव."

साहेबांनीही मला घरातल्या घरात मिटवा असे सुचवले. माझ्या आईने सगळे आयुष्य घरातल्या घरातच मिटवले आहे. मिटवता मिटवता ती पलंगासकट टेबलाखाली गेली. मी सॉरी म्हणणार नाही. पुलाच्या नुकसानीचे जे काय असेल ते कोर्टाने सांगावे.

मी आईला माझ्याकडे आणणार होते. खालच्या मजल्यावरची खोली मालकाकडून मागून घेतली होती, दाराचा उंबराही काढून घेतला होता. हा जबाब चालू असतानाच वहिनीचा फोन आला. मी इथे बसले आहे तेवढ्यात दादाने आईला दवाखान्यातून सोडवून घरी नेले. त्याच खोलीत. पूल सध्या नाही, असे वहिनी म्हणाली. मी तिला "सध्या" म्हणजे काय असे विचारले, तर तिने फोन ठेवला.

माझ्यावरच्या तक्रारीचे काय करायचे ते करा. माझी एक तक्रार मात्र आत्ता लिहून घ्या. आई स्वतः देणार नाही, म्हणून मी देते. एक बाई पोलीस त्या घरी पाठवा. तिने आईला खोलीत उभे राहून काही विचारू नये, आधी हाताला धरून रस्त्यापर्यंत आणावे आणि तिथे विचारावे की तुम्हाला कुठे राहायचे आहे. दादा सोबत येतो म्हणेल, त्याला येऊ देऊ नये. तो समोर असला की आई म्हणणार, मला काही त्रास नाही. तुम्ही तेच लिहून परत याल.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितले तसाच तो उतरला आहे, खोडलेले शब्द माझ्या सांगण्यावरून खोडले आहेत. बाई पोलीस निघाल्या की मी सही करते. तोपर्यंत मी या बाकावरून उठणार नाही.