नव्या बाजारात मी बांगडे गटारात मांडले

माझ्यासारखी शहाणी बाई अख्ख्या किनाऱ्यावर सापडायची नाही, कारण सरकारने बांधलेल्या नव्याकोऱ्या मासळी बाजारात पहिल्या दिवशी सगळ्यांच्या आधी जाऊन मी टोपलीतले बांगडे ओळीने गटारात मांडले होते. हसा, हसा, मी पण हसते आता. तेव्हा तोंडचं पाणी पळालं होतं, आणि खरं सांगू, त्यात माझं नेमकं काय चुकलं ते मला अजून पुरतं कळलेलं नाही.

माहेर माझं शिरोड्याचं. बाप किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढायला जायचा, आई डोक्यावर टोपली घेऊन दारोदार मासळी विकायची, त्यामुळे बाजाराला भिंती असतात हेच मला माहीत नव्हतं. लग्न होऊन इकडे मालवणच्या बाजूला आले तेव्हा जिल्हा रत्नागिरी होता, नवीन महाराष्ट्र नुकताच झाला होता, आणि इथला बाजार म्हणजे बंदरावरचं उंडलीचं झाड. त्या झाडाच्या बुंध्याशी, गावातली वाट जिथे खाली उतरते तिथे, माझी सासू बसायची. तिला आम्ही आये म्हणायचो. तिच्या आधी तिची सासू तिथेच बसायची. झाडाखाली पंधरावीस बायका असतील, पण वाट उतरून माणूस आला की पहिली आये दिसायची, ती काही ओरडायची नाही, नुसती टोपलीवरचं फडकं बाजूला करायची, की माणूस थांबलाच. आणि काय सांगू तुम्हाला, माणूस वाकायचा. मास्तर असो, तलाठी असो, दुकानदार असो, बांगड्याचा कल्ला उघडून बघायचा तर कमरेत वाकायलाच लागायचं. आये खाली बसून वर बघायची आणि म्हणायची, काय मास्तर, कंबर दुखता वाटता, घरातल्यांका धाडा उद्या. मास्तर हसायचे आणि घेऊन जायचे.

तर झाडापासून थोडं वर काहीतरी बांधायला लागले. काय बांधतात ते कोणाला धड माहीत नाही. कोण म्हणे शाळा, कोण म्हणे दवाखाना, आणि आमच्यातली भागी, जिची आणि आयेची कायम स्पर्धा, ती म्हणाली, गो तुरुंग आसा तो, खिडक्यांचे जाळये बघलंस मा केवढे ते. मला तर ती इमारत बाहेरून शाळा वाटायची आणि आत डोकावलं की देऊळ. कारण आत दोन्ही बाजूंना कमरेएवढे उंच ओटे, गुळगुळीत, सिमेंटचे, आणि मधे चालायची जागा, अगदी आमच्या देवळाच्या सभामंडपासारखी. देवळात त्या उंचवट्यावर मानकरी बसतात आणि आपण खाली. कचेरीत एकदा गेले होते नवऱ्याबरोबर, तिथेही साहेबाची खुर्ची फळ्यांच्या उंचवट्यावर आणि आपण खाली. म्हणजे उंच काही बांधलं की ते आपल्यासाठी नाही, एवढी अक्कल मला होती. नको तिथे अक्कल असते ना बाई, तशी.

मग एक दिवस कळलं की हा मासळी बाजार. पाहुणे आले, ओट्यांवर खुर्च्या मांडून बसले, पहिल्या ओट्यावर पूजा झाली, तिथेच नारळ फोडला, आणि आम्ही बायका खाली गर्दी करून उभ्या, भाषण ऐकत. बाजाराच्या कमिटीतल्या माणसाने शेवटी सांगितलं की उद्यापासून झाडाखाली कोणी बसायचं नाही, इथे बसायचं, आणि उद्या जी जिथे बसेल ती जागा तिची कायमची. घरी येताना आयेने दोनदा मागे वळून त्या दाराकडे बघितलं. झाडाखाली दार नव्हतं हो, पुढलं मागलं असलं काही नव्हतं. आता भिंती आल्या म्हणून दार आलं, आणि दार आलं म्हणून दारातली जागा आली. ती गेली तर दोन पिढ्यांची जागा गेली, हे मलासुद्धा कळत होतं. आयेचे गुडघे तेव्हा सुजलेले, तिला पहाटे जाणं जमणार नव्हतं. मला म्हणाली, तू जा, दारातली जागा धर. तुका दुसरा काय जमाचा नाय, बसाक तरी जमात मा?

सांगते काय, सगळ्यांच्या आधी मी. डोक्यावर टोपली, दारात पहिला ओटा, आणि त्याच्यावर कालचं हळदकुंकू, फुलं, नारळाचं पाणी सुकलेलं. आता सांगा, त्या जागेवर मासळी मांडू? हात धजला नाही माझा. पाया पडले ओट्याच्या! आणि खाली बघते तर ओट्याच्या कडेने जमिनीत एक लांबच लांब पन्हळ, घोटीव, स्वच्छ, वीतभर खोल, शेवटपर्यंत गेलेली. म्हटलं, अगो बाये, सरकारने किती विचार केलाय. बांगडे मांडले तर वाळू लागायची नाही, पाणी मारलं तर साचायचं नाही. मांडले सगळे, शेपट्या एका बाजूला करून, इसवण, म्हणजे सुरमई, मधे, आणि पन्हळीच्या अलीकडे मांडी घालून ऐटीत बसले.

पाठोपाठ भागी आली. बघत राहिली. मला म्हणाली, खाली कित्याक बसलंस गो? मी म्हटलं, वर देवाचा आसा, आपला खाली. तिने पण हळदकुंकू बघितलं आणि मुकाट माझ्या शेजारी बसली. एकीचं बघून दुसरी, दुसरीचं बघून तिसरी, सगळ्या खाली, सगळ्यांची मासळी पन्हळीत. आता गिऱ्हाईक उभं राहणार कुठे? मधली जागा आम्हीच अडवलेली. मास्तर आले, इकडे बघितलं, तिकडे बघितलं, धोतराचा सोगा उचलला आणि चढले ओट्यावर. त्यांचं बघून तलाठी चढला. थोड्या वेळाने अर्धा गाव ओट्यांवर उभा आणि विहिरीत डोकावावं तसा खाली बघतोय, आणि मास्तर वरून मला हाका मारतायत, शेवंती, तो दुसरा दाखव, तो नव्हे गो, त्याच्या पलीकडचा. मला वाटलं छानच झालंय सगळं, फक्त मान दुखत होती.

तेवढ्यात ज्याने ही इमारत आखली तो साहेब आला, कमिटीतला माणूस बरोबर. दारातच थांबला. ओट्यांवरची माणसं बघितली, खालची मासळी बघितली. मग माझ्यापाशी येऊन बसला उकिडवा, कपड्यांची इस्त्री मोडून, आणि हळू म्हणाला, बाई, हे गटार आहे. मी म्हटलं, गटार? इतक्या चांगल्या वस्तूक गटार कोण म्हणता? तो म्हणाला, अहो, तुम्ही वर बसायचं, मासळी तुमच्या पुढ्यात, लोक खाली उभे, आणि घाण पाणी इथून वाहून जाणार. तुम्हाला ओलीत बसायला नको आणि कोणाला वाकायला नको. चांगला होता हो माणूस, आमचाच विचार करून बांधलं होतं त्याने. पण कोणाला वाकायला नको, हे ऐकून मला काहीतरी झालं. काय ते सांगता यायचं नाही.

एवढं ऐकायचा अवकाश, सगळ्या उठल्या. मी माझे बांगडे पन्हळीतून वेचत बसले, एकेक धुऊन टोपलीत टाकत, आणि वर बघते तर दारातल्या ओट्यावर, हळदकुंकवावर, भागी मांडी घालून बसलेली! शेजारची जागा गेली, त्याच्या शेजारची गेली. मला मिळाली ती पार शेवटची, मागल्या भिंतीकडची, जिथे सगळ्यांचं पाणी येऊन तुंबतं. तिथून ना दार दिसत होतं ना दर्या. होडी आली का नाही तेसुद्धा दुसरीला विचारायला लागायचं. निम्मी मासळी तशीच घरी नेली. आता आये माका माहेराक धाडतली, हेच डोक्यात.

आयेने ऐकलं सगळं आणि एक शब्द बोलली नाही. तिचं बोलणं परवडायचं, गप्प बसणं परवडायचं नाही. दुसऱ्या दिवशी काठी टेकत माझ्याबरोबर आली. दारात भागी थोडी सरकली, म्हणाली, बस गो हय जरा. आये म्हणाली, बस तू, तुझी जागा ती. आणि मागल्या भिंतीपर्यंत गेली. ओट्यावर चढायला तिला दोघींनी हात दिला. बसली, आणि पाय लोंबकळत ठेवून कावरीबावरी इकडे तिकडे बघायला लागली. मास्तर शोधत आले. उभ्या उभ्या इसवण बघितली, आयेच्या डोळ्यासमोर त्यांचे डोळे. आये एरवी काहीतरी चिमटा काढणार, त्या दिवशी तिने नुसती इसवण पुढे सरकवली. मास्तरांनी किंमत विचारली आणि गेले.

मग मी त्या कोपऱ्यातच बसले, जन्मभर. पोरं वाढली तिथल्या मासळीवर. पावसात डोक्यावर कौलं होती हे खरं, कंबर धरली नाही हे पण खरं, आणि साहेबाने आम्हाला वर बसवलं की खाली आणलं हे मी अजून ठरवत असते. सून आता तिथेच बसते, तिला असले प्रश्न पडत नाहीत. देव तिचं भलं करो.

त्या दिवशी मात्र घरी येताना आये उंडलीखाली थांबली. मी वाटच बघत होते, म्हटलं आता फुटणार. बुंध्याला हात लावून उभी राहिली थोडा वेळ, मागेपुढे कोणी आहे का बघितलं, आणि मग मला म्हणाली, मी आसतंय तर मी पण खालीच बसलंय आसतंय गो. पण ह्या त्या भागीक कळला, तर तुझी जीभ हासडून ठेवीन.