फोटोवरून चावी

—नाही हो मावशी, फुकट म्हणजे फुकट. जुन्या गिऱ्हाइकांसाठी आहे ह्या महिन्यात — नवं कुलूप, नव्या चाव्या, बसवून देणं, सगळं माझ्याकडून. असं कोण देतं म्हणता? मी देतो. तुम्ही फक्त जरा आत सरका, आणि दार पूर्ण उघडं नको, अर्धं पुरे, मला उजेड आहे तेवढा. ओळखलंत ना मला? चौकातला चावीवाला. तीन आठवड्यांपूर्वी तुम्ही आला होतात, जास्तीची चावी हवी होती, भाचीला द्यायला — स्टुलावर बसलात, मी करून दिली, आणि तुम्ही म्हणालात, हाताला काय सफाई आहे हो तुमच्या. हां, तोच मी. हे चार स्क्रू निघाले की झालं — कोण आहे? जिन्यात कोण आहे? वरच्या बाई होय. पिशवी घेऊन चालल्यात. असू दे.

स्क्रू पडला? असू दे, उचलतो. पाणी नको. नको, तुम्ही आत जाऊ नका, इथेच उभ्या राहा माझ्यासमोर, बरं वाटतं. मावशी, तुम्ही मोबाइलवर व्हिडिओ बघता का? नाही? चांगलं आहे. मीही नव्हतो बघत. ही सगळी सूनबाईची कल्पना. म्हणाली, बाबा, दुकानावरची पाटी आता कोण वाचतंय, पाटी फोनमध्ये लावायला हवी. तीस वर्षं त्या टपरीत बसलोय मी, आणि शेवटी शेवटी दिवसाला तीन गिऱ्हाइकं — त्यातलं एक पत्ता विचारायला आलेलं. म्हटलं, लाव बाई. तिने चावी आवळायच्या शिकंज्याच्या वर फोन टांगला, माझ्या कॉलरला बटणाएवढा माइक लावला, आणि म्हणाली, बाबा, काहीच करू नका, नेहमीसारखं काम करा. म्हणे कानशीचा आवाज लोकांना आवडतो — खर्र, खर्र — कानात घालून झोपतात लोक. मी म्हटलं, माझी बायको त्या आवाजाने तीस वर्षं झोपली नाही.

पण आली हो माणसं! रांग लागली. गावाच्या पार त्या टोकाकडून यायचे, चावी एक करायची आणि फोटो चार काढायचे. मला काय, हरभऱ्याच्या झाडावर चढलो मी. नवा शर्ट घालून बसायला लागलो. तर सांगत काय होतो — त्यातला एक व्हिडिओ तुमचा आहे. तुमचा म्हणजे तुम्ही दिसत नाही त्यात, घाबरू नका, सूनबाई गिऱ्हाइकाचा चेहरा कधीच घेत नाही, लोकांचं खाजगी जपायचं म्हणते. फक्त तुमची चावी दिसते. मी ती अशी अंगठ्यात आणि बोटात धरली, फोनसमोर नेली, आणि सांगितलं, बघा, हे पाच दात, हा दुसरा सगळ्यात खोल. शिकवत होतो मी लोकांना. तीस वर्षांत कोणी मला विचारलं नव्हतं की चावीचे दात कसे वाचतात. पहिल्यांदा कोणीतरी विचारत होतं, मग काय, सगळं सांगितलं.

हा स्क्रू गंजलाय. थांबा. आता मावशी, आत्ता ह्या क्षणी तुमच्या दाराला भोक आहे, म्हणून म्हणतो, जिन्याकडे लक्ष ठेवा. का म्हणजे? असंच. सवय आहे मला. — बरं. सांगतो. पण आधी हे नवं कुलूप बसू दे जागेवर. नाही, रागावू नका, सांगतो म्हटलं ना.

लोक खाली लिहायचे — काका, नुसत्या फोटोवरून चावी बनवून दाखवा, तर मानू. सूनबाई म्हणाली, बाबा, हे चालेल. मी म्हटलं, चालेल काय, धावेल. आणि मागच्या आठवड्यात एक माणूस आलाच, फोनमध्ये फोटो घेऊन. म्हणाला, घराची चावी हरवलीय, नशीब फोटो काढून ठेवला होता. मावशी, माझ्या वडिलांनी मला एकच गोष्ट शिकवली होती, चावी हातात आल्याशिवाय चावी करायची नाही. कुलूप दाखव नाहीतर चावी दाखव, नाहीतर निघ. तीस वर्षं पाळलं मी ते. आणि त्या दिवशी वर फोन टांगलेला, कॉलरला माइक, आणि मी म्हटलं, द्या इकडे, अकरा मिनिटांत करतो. नऊ मिनिटांत केली. टाळ्या वाजवल्या हो तिथल्या लोकांनी. तो माणूसही वाजवत होता.

मग जेवताना सूनबाईने तो व्हिडिओ लावला, आणि फोटो मोठा करून दाखवला होता त्यात. कोपऱ्यात एक अंगठा होता, नखाला उभी चीर. मी म्हटलं, ह्याच्या नखाला पण माझ्यासारखीच चीर आहे बघ. आणि घास तोंडात तसाच राहिला. हा बघा, मावशी, हा. माझाच अंगठा. फोटो माझ्याच व्हिडिओतला होता, तुमच्या चावीचा. दोन्ही व्हिडिओ शेजारी धरून ताडून बघितले — दुसरा दात सगळ्यात खोल.

बसा. मावशी, बसा तुम्ही, माझ्याकडे असं बघू नका. म्हणून तर आलोय ना. अहो पण तुमचा पत्ता कुठे होता माझ्याकडे? नाव नाही, नंबर नाही. कुठून मिळाला विचारताय? — तिथूनच. माइकमध्ये सगळं आलं होतं. शाळेच्या मागची पिवळी बिल्डिंग, दुसरा मजला, एकटीच असते, दुपारी दोन ते चार गुडघ्यांच्या व्यायामाला जाते, म्हणून भाचीकडे चावी असलेली बरी — तुम्ही बोलत होतात आणि मी खर्र खर्र करत होतो. मी कानाला फोन लावून तुमचं बोलणं ऐकलं आणि चालत आलो, कोणाला विचारावंसुद्धा लागलं नाही. किती जणांनी ऐकलंय? ते सोडा. — एक्केचाळीस हजार. पण सगळे काही वाईट नसतात हो, बहुतेक झोपायलाच ऐकतात.

आजच कळलं ना, म्हणून आजच — नाही. शुक्रवारी. शुक्रवारी कळलं. आज मंगळवार. खोटं नाही बोलत तुमच्याशी. भ्यालो मी, मावशी. तुम्हाला सांगितलं तर तुम्ही दहा जणांना सांगणार, आणि चावीवाल्याचं नाव एकदा गेलं की टपरीला कुलूप, तेही माझ्याच हातचं. रोज दुपारी निघायचो, शाळेपर्यंत यायचो आणि परत जायचो. म्हणायचो, काही झालं असतं तर कळलं असतं. काही नाही ना झालं? काही गेलंय का?

दिवा? कुठला दिवा? शनिवारी — व्यायामावरून आलात आणि स्वयंपाकघरातला दिवा चालू. तुम्हीच विसरला असाल हो. होतं असं. — नाही, तुम्ही नसाल विसरत, मान्य आहे. अरे देवा. शनिवारी तर मी खाली शाळेपाशीच उभा होतो. त्याचा चेहरा? नाही आठवत, मावशी, शपथ. मी फोटोकडे बघत होतो आणि फोनकडे. व्हिडिओत नुसते त्याचे हात आहेत, टाळ्या वाजवणारे. व्हिडिओ काढून टाकतेय सूनबाई, आज संध्याकाळी, नक्की. पोलिसांत जाऊ की, मी येतो बरोबर, मीच सांगतो सगळं.

झालं. बघा, फिरवून बघा. जुनी चावी लावा — बघा, शिरतसुद्धा नाही. ह्या तीन नव्या, पाकीट तुमच्यासमोर फोडलं. चौथी? चौथी नसते, मावशी. खिसे? हे घ्या, रुमाल, कानस, टपरीची किल्ली. पिशवी पण उपडी करतो. फोन? घ्या, बघा, बंद आहे. माझ्याकडे काही नाही, खरंच काही नाही. बरं, निघतो. हो, बाहेरच जातोय, ढकलू नका. आतून लावून घ्या, दोनदा फिरवा. हां. असं. आता कोणीही येऊ शकत नाही — मावशी? काय सरकवताय आत? कपाट? अहो कशाला, कुलूप नवं आहे, मी स्वतः बसवलंय —